चाचणीकारांचे ऐकायला हवे
ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती सर्वांना मिळण्याआधी असंख्य स्वयंसेवक ती रोजच्या कामात वापरून पाहतात. प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक जुना ड्रायव्हर कंपनीला तपासता येत नाही.

ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०चे अपडेट घेतल्यावर काहींच्या फायली नाहीशा झाल्या. ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसरीकडे हलवले असल्यास मूळ जागी उरलेले जुने फोल्डर आतल्या फायलींसकट पुसले जात होते. काही चाचणीकारांनी हे आधीच कळवले होते. पण तक्रारींच्या गर्दीत ते दुर्लक्षित राहिले. मायक्रोसॉफ्टने वितरण थांबवले, दोष दुरुस्त केला आणि तक्रारीसोबत तिचे गांभीर्य नोंदवण्याची सोय केली.

चाचणी आवृत्ती जरूर वापरा. मात्र आधी बॅकअप घ्या आणि अडचण नेमक्या शब्दांत कळवा.