लेक पुण्याला निघाली : भीती नको, तयारी हवी

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण कळतात आणि यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी इथल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो. मुलगी म्हणते, "अब्बा, पुण्याच्या कॉलेजात नंबर लागतोय." अब्बा गप्प बसतात. अम्मी विचारते, "इतक्या लांब? तिथं आपलं कोण आहे?" खाला म्हणते, "रोजच्या बातम्या बघता ना तुम्ही?" आणि पुष्कळदा त्या एका संध्याकाळीच मुलीच्या शिक्षणाचा निकाल लागून जातो.

मुलाच्या बाबतीत याच्या उलट घडते. "मर्द बच्चा आहे, बघून घेईल," असे म्हणून त्याला एक बॅग आणि थोडे पैसे देऊन गाडीत बसवले जाते.

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. भीतीपोटी मुलीला अडवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे आणि मुलाला तयारीशिवाय पाठवणे म्हणजे अल्लाहवरचा भरोसाही नव्हे. उंट बांधून भरोसा ठेवू की मोकळा सोडून, असे विचारणाऱ्याला प्यारे नबी (स.) यांनी आधी बांधायला सांगितले होते, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्याला निघताना आपला उंट कुठे कुठे बांधायचा, ते या लेखात पाहू.

हे शहर परके नाही

पुण्याला 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' म्हणतात. डेक्कन कॉलेजची परंपरा १८२१ पर्यंत मागे जाते, फर्ग्युसन कॉलेज १८८५ चे आणि पुणे विद्यापीठ १९४९ चे. कॅम्पातला आझम कॅम्पस आपल्या समाजातील अनेक घरांना माहीत आहे. शहराला बाहेरगावच्या मुलांची सवय आहे. खानावळी, अभ्यासिका, कॉट बेसिसच्या खोल्या हा सगळा संसार बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांवरच उभा आहे.

आणखी एक गोष्ट मुलींना जरूर सांगावी. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांच्यावर रस्त्यात शेण आणि चिखल फेकला जाई. म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. त्यांनी जाणे थांबवले नाही आणि तयारीशिवायही गेल्या नाहीत. १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपण आजारपणामुळे दूर असताना सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा तिच्याविषयीचा विश्वास त्या पत्रात दिसतो. पुण्याच्या शिक्षणात आपल्या घरातल्या बाईचे नाव इतक्या आधीपासून आहे.

पहिला धोका वाटेवरचा

आपण पुण्याची काळजी करतो, पण आपल्या जिल्ह्याला सर्वात मोठे घाव वाटेवरच बसले आहेत. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली आणि १२ जण गेले. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ प्रवासी दगावले. त्या गाडीत यवतमाळकडचे प्रवासीही होते. गाडी दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दार बंद झाले. जे वाचले त्यांतले काही जण काच फोडून बाहेर पडले.

या दोन घटनांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ट्रॅव्हल्समध्ये बसल्याबरोबर संकटकाळी बाहेर पडायची खिडकी कोणती आणि काच फोडायचा हातोडा कुठे आहे, ते बघावे. हातोडा नसेल तर वाहकाला विचारावे. विचारण्यात लाज नाही. मधल्या वाटेत जादा माणसे बसवली जात असतील तर सगळ्यांनी मिळून हरकत घ्यावी. चपला पायाजवळ ठेवाव्यात. गाडीचा क्रमांक घरी कळवावा. मूळ कागदपत्रे डिक्कीत न टाकता खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत आणि निघण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो घरच्या मोबाइलवर ठेवावा. गुणपत्रिका दुसरी मिळते. म्हणून गाडीला आग लागली तर पिशवी शोधत बसू नये, आधी बाहेर पडावे.

रेल्वेचाही विचार करावा. यवतमाळ, दारव्हा, नेरकडच्या लोकांना धामणगाव किंवा बडनेरा गाठता येते. पुसद-उमरखेडच्या लोकांना नांदेड जवळ पडते. वेळ जास्त लागतो, पण आरक्षित डब्यात एकटी मुलगी अधिक निर्धास्त असते. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, तेव्हा मुलीसोबत अम्मी किंवा खालाने एकदा जाऊन येणे आता तितके महाग राहिलेले नाही.

पहाटेचा एक तास

विदर्भातून रात्री निघालेल्या बहुतेक गाड्या पहाटे पुण्यात पोहोचतात. वाघोली, खराडी, पुणे स्टेशन, स्वारगेट असे एकेक थांबे येतात. डोळ्यांत झोप असते, हातात सामान असते आणि रस्ता अनोळखी असतो. पाहुण्याच्या दृष्टीने हा दिवसातला सर्वात नाजूक तास.

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकावर एका तरुणीला "तुमची बस तिकडे लागली आहे" असे सांगून एका उभ्या, रिकाम्या बसकडे नेण्यात आले आणि तिच्यावर अत्याचार झाला. बोलणारा माणूस तिला 'ताई' म्हणत होता. तिची काही चूक नव्हती. चूक त्या नराधमाची आणि स्थानकाच्या ढिसाळ व्यवस्थेची. आपल्या मुलींना मात्र यातून एक नियम शिकवता येतो. बस कुठे लागते, हे गणवेशातल्या माणसाला किंवा चौकशी खिडकीवरच विचारायचे. आपण न विचारता कोणी सांगू लागला, तर तो कितीही गोड बोलला तरी त्याच्यामागे जायचे नाही.

शक्य असेल तर उजाडल्यावर पोहोचणारीच गाडी निवडावी. अंधारात पोहोचलोच, तर घाई न करता जिथे दिवे, चहाची टपरी आणि कुटुंबे आहेत तिथे थांबावे. थोड्या वेळात उजाडते आणि सकाळी सहाच्या सुमारास मेट्रोही सुरू होते. स्वारगेट ते पिंपरी-चिंचवड आणि वनाज ते रामवाडी असे दोन मार्ग आहेत. जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलता येते. रिक्षाच करायची तर क्रमांकाचा फोटो घरी पाठवावा आणि फोनवर थोडे मोठ्यानेच बोलावे, "अम्मी, बसले रिक्षात, नंबर पाठवलाय."

फक्त परीक्षेसाठी जाणाऱ्यांनी केंद्र आदल्या दिवशी बघून यावे. पेठांतले रस्ते अरुंद, पुष्कळसे एकेरी; नकाशावर दहा मिनिटे दिसणारे अंतर अर्ध्या तासाचे होते. हिजाब किंवा बुरखा घालणाऱ्या मुलींनी केंद्रावर लवकर पोहोचावे, म्हणजे तपासणी महिला कर्मचाऱ्याकडून शांतपणे होते. प्रवेशपत्रावरच्या सूचना घरीच नीट वाचाव्यात.

खोली कुठे घ्यावी?

प्रवेश झाला की पहिली पसंती कॉलेजच्या वसतिगृहाला द्यावी आणि अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरावा. ते नाही मिळाले तर पीजी किंवा कॉट बेसिस.

इथे एक कडू गोष्टही बोलावी लागते. काही ठिकाणी नाव ऐकले की "खोली भरली" असे उत्तर मिळते. मुलांनी खचू नये आणि खोटे नावही सांगू नये. घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, त्यामुळे खोटेपणा पुढे अंगाशी येतो. जो घरमालक करार करतो, पावती देतो आणि आधार कार्डाची प्रत मागतो, तो अधिक भरवशाचा.

आपल्याकडे पुष्कळ पालक म्हणतात, "कोंढव्यात मामू आहेत, तिथंच राहा." आपल्या माणसांचा आधार मोठा आहेच. पण कॉलेज शिवाजीनगरला असेल आणि प्रॅक्टिकल संध्याकाळी सहाला सुटत असेल, तर रोज अंधारात दोन बस बदलून घरी येणे सुरक्षित ठरेल का? कॉलेजजवळचे मुलींचे वसतिगृह आणि रविवारी मामूंच्या घरचे जेवण, हा हिशेब अनेकदा अधिक शहाणपणाचा असतो. मोहल्ला आपला आहे का, हे जरूर पाहावे. पण मुलगी रोज किती वाजता कोणत्या रस्त्याने येणार, हे त्याआधी पाहावे.

खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. "मी लष्करात आहे, बदली झाली, कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील," असे सांगून गंडवणारे पुष्कळ आहेत. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. "मॅनेजमेंट कोट्यातून सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्या एजंटालाही दुरूनच सलाम करावा. फी कॉलेजच्या खात्यात आणि पावती आपल्या हातात. फसवणूक झालीच तर तासाभराच्या आत १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पावसाळ्याचे विसरू नका

प्रवेशाचे दिवस म्हणजेच पुण्याचे पावसाचे दिवस. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले आणि त्याच पहाटे डेक्कन भागात तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. तिथे "सगळे जात आहेत" म्हणून जाऊ नये. ओल्या खांबाला, लोखंडी टपरीला हात लावू नये.

प्रवेशाचे काम उरकल्यावर धबधबा बघायचा मोह होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच मुस्लिम कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत मुलेही होती. पाणी बघायचे असेल तर काठावरून बघावे.

सर्वात मोठा आधार

एवढे सगळे केल्यावरही एक गोष्ट राहते आणि ती घरात करायची असते. घर सोडलेल्या मुलीला चोराची जितकी भीती वाटते, तितकीच किंवा त्याहून जास्त घरच्या रागाची वाटते. पैसे गेले, कोणी पाठलाग केला, कोणी घाणेरडा मेसेज पाठवला, तर तिच्या मनात पहिला विचार येतो : "सांगितलं तर परत बोलावतील, शिक्षण बंद करतील." म्हणून ती गप्प बसते, आणि त्रास देणाऱ्याला नेमके हेच हवे असते. मुलाचेही तसेच. रॅगिंग झाले तरी तो बोलत नाही, कारण त्याला 'मर्द बच्चा' म्हणून पाठवलेले असते.

म्हणून गाडीत बसवण्याआधी अब्बांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे, "बेटा, काहीही झालं, तुझी चूक असली तरी, पहिला फोन मला कर. मी ओरडणार नाही आणि तुझं शिक्षणही थांबवणार नाही." आणि मग तो शब्द पाळावा. रोज फोनची एक वेळ ठरवावी. संकटात उघड बोलता येत नसेल तर म्हणायचा एखादा साधा शब्द घरात ठरवून ठेवावा. पुण्यातल्या एका भरवशाच्या माणसाचा पत्ता मुलाकडे कागदावर लिहून द्यावा, कारण मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही.

त्याच कागदावर हे क्रमांकही लिहावेत : पोलीस आणि कोणतीही तातडीची मदत ११२, महिला मदत १८१, रुग्णवाहिका १०८, रेल्वे १३९, सायबर फसवणूक १९३०, रॅगिंगविरोधी मदत १८००-१८०-५५२२.

यंदा तुमच्या घरात हा विषय निघाला तर त्या संध्याकाळी लगेच 'नाही' म्हणू नका. कागद-पेन घ्या, मुलीला समोर बसवा आणि गाडी, वेळ, खोली, पैसा, फोन अशी यादी करा. यादी पूर्ण झाली की बहुतेक भीती कमी झालेली असेल. उरलेल्यासाठी प्रवासाची दुआ आहेच. मग बिस्मिल्ला म्हणा आणि लेकीचे तिकीट काढा.