गावचा तलाव आणि धानाची बांधी : जीवशास्त्राचे दोन पाठ

महाविद्यालयात जीवशास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला ‘परिसंस्था’ आणि ‘उत्क्रांती’ हे दोन शब्द लवकरच भेटतात. पाठ्यपुस्तकांतील त्यांची उदाहरणे बहुधा दूरदेशची असतात. ती मोलाची आहेतच. परंतु एकोडीसारख्या गावातून शिकायला गेलेल्या मुलामुलींना हे दोन्ही पाठ घराजवळच वाचता येतात. एक पाठ तलावात आहे, दुसरा धानाच्या बांधीत.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने उतारांवर पाळी घालून येथे तलाव बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांवरून त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडले. माणसाने बांधलेला असला तरी असा तलाव ही एक पूर्ण परिसंस्था असते. सजीव आणि त्यांच्या भोवतीचे पाणी, माती, हवा व प्रकाश यांचा एकत्र विचार करण्यासाठी ‘परिसंस्था’ ही संकल्पना टॅन्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1935 मध्ये मांडली.

तलावातील शेवाळ, कमळ, शिंगाडा, देवधान हे उत्पादक होत. ते सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात. त्यांवर कीटक, गोगलगायी व लहान मासे जगतात. त्यांना मरळीसारखे शिकारी मासे आणि बगळे खातात. मेलेल्या सर्वांचे विघटन जिवाणू व बुरशी करतात आणि त्यातील द्रव्ये पुन्हा वनस्पतींना मिळतात. द्रव्ये अशी फिरत राहतात. ऊर्जा मात्र फिरून येत नाही. प्रत्येक पायरीवर तिचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो आणि स्थूलमानाने दहावा हिस्साच पुढे पोहोचतो. वनस्पतींत 1000 एकके ऊर्जा असेल, तर वनस्पती खाणाऱ्यांना सुमारे 100 आणि त्यांना खाणाऱ्यांना सुमारे 10 एकके मिळतात. म्हणूनच तलावात शेवाळ अमाप असते आणि मरळ मोजकी.

या साखळीचा पाया ढासळला की काय होते, हे बेशरम या झुडपाने दाखवून दिले. ते मूळचे उष्ण अमेरिकेतील. गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि खोडाचा तुकडाही चिखलात रुजतो. काठ व उथळ पाणी त्याने व्यापले की स्थानिक पाणवनस्पती हटतात. त्यांच्या आधाराने अंडी घालणारे मासे घटतात आणि शेवटी झळ बसते ती मच्छीमार ढिवर कुटुंबांच्या ताटाला. उपायही याच परिसरात सापडला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मच्छीमारांसोबत काही तलावांतून बेशरम उपटून तेथे स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान मच्छीमारांपाशी होतेच.

दुसरा पाठ बांधीतला. देवधान हे आपल्या भाताचे रानटी नातलग. असे रानटी भात धानाच्या शेतात शिरते. त्याचे दाणे कापणीपूर्वीच झडतात आणि पुढील वर्षी पुन्हा उगवतात. निंदण करणारी बाई वेगळे दिसणारे रोप उपटते. धानासारखे दिसणारे तिच्या नजरेतून सुटते व बी टाकते. यावर उपाय म्हणून जुन्या मध्यप्रांतात जांभळ्या पानांचे धान पेरून पाहण्यात आले. हिरवे दिसेल ते उपटायचे, इतकी सोपी युक्ती. परंतु धान व रानटी भात यांचा अधूनमधून संकर होतो. अशा संकरातून जांभळा रंग लाभलेली रोपे निंदणातून वाचली आणि काही हंगामांतच शेतातील रानटी भातही जांभळे दिसू लागले.

डार्विनने 1859 मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. तिला तीन गोष्टी लागतात : रोपारोपांत भेद असणे, तो भेद पुढच्या पिढीत उतरणे आणि त्या भेदामुळे जगण्या-वाढण्यात फरक पडणे. येथे निवड करणारा हात माणसाचा होता. मात्र जे घडले ते त्याच्या इच्छेविरुद्ध. विद्यार्थ्यांची नेहमीची चूकही येथे दूर होते. रानटी भाताने शेतकऱ्याला फसवायचे ठरवले नव्हते आणि एकही हिरवे रोप जांभळे झाले नव्हते. हिरवी उपटली गेली, जांभळी उरली. बदलतो तो समूह, पिढ्यान्‌पिढ्या. एकटा जीव नव्हे.

हे दोन्ही पाठ एकमेकांशी जोडलेले आहेत. परिसंस्था बदलली की निवडीची दिशा बदलते आणि बदललेले जीव परिसंस्थेला नवे रूप देतात.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती. सुटीत घरी आलेल्या मुलांना तलावाच्या पाळीवर घेऊन जा. मासे धरणाऱ्या काकांना आणि निंदण करणाऱ्या आजीला प्रश्न विचारू द्या. तलाव गाळाने व बेशरमाने भरून गेला, तर पाण्यासोबत हे ज्ञानही आटेल आणि पुढील पिढीला ते केवळ पुस्तकातून शिकावे लागेल.