झेब्र्याचा खरा शत्रू कोण?

इ. स. १६२१ मध्ये मोगल सम्राट जहांगीर याच्या दरबारात अ‍ॅबिसिनियाहून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या प्रदेशातून आलेला एक विलक्षण प्राणी नजर करण्यात आला. बांधा घोड्यागाढवासारखा, परंतु अंगभर काळे-पांढरे पट्टे. ते इतके रेखीव होते, की कोणीतरी रंगविले असावेत, अशी शंका काहींना आली. तपासणीअंती ते नैसर्गिकच असल्याची खात्री पटली. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने रेखाटलेले या झेब्र्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेले आहे.

पट्टे खरे आहेत, हे ठरले. पण ते कशासाठी, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. संधिप्रकाशात पट्ट्यांमुळे झेब्रा सहजी नजरेस पडत नाही, असे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे मत होते. उघड्या माळरानावर पट्टे कसले संरक्षण देणार, अशी शंका चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये व्यक्त केली होती. पुढील संशोधनाने डार्विन यांच्याच शंकेला बळ दिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सिंहाला झेब्र्याचे पट्टे दिवसा सुमारे ५० मीटर आणि संधिप्रकाशात सुमारे ३० मीटर अंतरापलीकडे वेगळे ओळखूच येत नाहीत. इतक्या जवळ येईपर्यंत सिंहाला सावजाचा वास वा चाहूल लागलेली असतेच. पट्ट्यांमुळे शरीर थंड राहते, ही कल्पनाही २०१८ मध्ये पाण्याच्या पिंपांवर पट्टेरी कातडी चढवून पडताळली गेली. पट्टेरी पिंपांतील पाणी काही अधिक थंड राहिले नाही.

मग शत्रू कोण? उत्तर अनपेक्षित होते : रक्त शोषणाऱ्या माश्या. आफ्रिकेत त्सेत्से माशी आणि गोमाशी यांसारखे कीटक जनावरांमध्ये घातक रोग पसरवितात. झेब्र्याचे केस आखूड असल्याने माशीची सोंड सहज त्वचेपर्यंत पोहोचते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील टिम कॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये घोडा, गाढव आणि झेब्रा यांच्या जातींचे प्रदेश तपासले. जेथे अशा माश्यांना पोषक हवामान अधिक काळ टिकते, तेथील जातींतच पट्टे ठळक आढळले.

२०१९ मध्ये इंग्लंडमध्ये घोड्यांना काळ्या, पांढऱ्या आणि पट्टेरी झुली घालून पाहण्यात आले. पट्टेरी झुलीवर गोमाश्या फारच कमी बसल्या. उघड्या डोक्यावर मात्र सर्वच घोड्यांच्या बाबतीत सारख्याच बसल्या. माश्या पट्ट्यांजवळ येत होत्या, परंतु उतरताना वेग आवरणे त्यांना जमत नव्हते. पट्टे त्यांना नेमके कसे चकवितात, यावर अद्याप संशोधन सुरू आहे. ज्या प्राण्यांना दंश कमी झाला, ते अधिक जगले, त्यांची संतती वाढली आणि असंख्य पिढ्यांनंतर पट्टे जातीचे लक्षण ठरले, असे यामागील उत्क्रांतीचे सूत्र मानले जाते.

याचा व्यवहारी उपयोगही दिसू लागला आहे. जपानमध्ये काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगविले असता माश्यांचे दंश सुमारे निम्म्यावर आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाला २०२५ मध्ये इग्नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळाले. विषय मात्र गमतीचा नाही. माश्यांनी हैराण झालेल्या जनावराचे खाणेपिणे व विश्रांती बिघडते. फवारणीच्या औषधांवर खर्च होतो. आपल्याकडेही गोमाश्यांमुळे पसरणारा सरा हा रोग घोडे, उंट, गाई-म्हशी यांना ग्रासतो. गोठ्यातील एक जनावर आजारी पडले, तरी लहान शेतकऱ्याच्या घरचा हिशेब कोलमडतो.

सिंहाची डरकाळी दूरवर ऐकू येते. माशीचा दंश दिवसातून शंभर वेळा होतो, पण त्याची दखल कोणी घेत नाही. झेब्र्याच्या अंगावर निसर्गाने जी तरतूद केली, ती मात्र या न गाजणाऱ्या, रोजच्या शत्रूसाठी!