घरच्या शाळेचा निरोप समारंभ

"काय हो ताई, तुमची मुलं कोणत्या शाळेत?"

साधा प्रश्न. पण गेली पाच वर्षं या प्रश्नाला उत्तर देताना माझी जीभ अडखळायची. "घरीच शिकतात," असं म्हटलं की समोरची बाई आधी माझ्याकडे आणि मग मुलांकडे बघायची. नापास झाली असतील, फी भरायला पैसे नसतील, नाहीतर हे ख्रिस्ती लोक, यांचं काहीतरी वेगळंच असेल... सगळं तिच्या चेहऱ्यावर वाचता यायचं.

२०२५ हे आमच्या पिशोरच्या घरातल्या या शाळेचं शेवटचं वर्ष ठरलं. मुलगी अठरा वर्षांची झाली, बारावी झाली आणि वसतिगृहात राहायला गेली. मुलगा दहावी झाला आणि अकरावीला चारचौघांसारखा कॉलेजात जाऊ लागला. एकाच वर्षात एवढं सगळं घडलं, की अजून सकाळी नऊ वाजले की माझा हात फळ्याकडे जातो. म्हटलं, हे वर्ष कसं गेलं ते मैत्रिणींना सांगावं. आमच्यासारखं काही करायचं कुणाच्या मनात असेल, तर तिला आमच्या चुकांचाही उपयोग होईल.

सुरुवात काही ठरवून झाली नव्हती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. मुलगी सातवीत आणि मुलगा पाचवीत. घरात मोबाइल एक, तोही यांच्या हातात. ऑनलाइन तासाला रेंज मिळेना. शेवटी मीच पुस्तकं काढून बसले. माझं बी.ए. झालेलं, त्यामुळे भाषा, इतिहास, भूगोल माझ्याकडे. गणित मुलांच्या पप्पांकडे. शेतातलं अद्रक विकायला निघालं की किती क्विंटल, भाव काय, आडत किती, हमाली किती आणि हातात काय उरलं, हे सगळं मुलगा वहीत मांडायचा. शाळेत वाचताना अडखळणारा, मागच्या बाकावर बसणारा माझा मुलगा वर्षभरात आपणहून पुस्तक उघडायला लागला. शाळा सुरू झाल्या तेव्हा तो म्हणाला, "आई, अजून थोडे दिवस घरीच शिकू?" ते थोडे दिवस म्हणजे ही पाच वर्षं.

आमचा दिवस सकाळच्या प्रार्थनेने सुरू व्हायचा. स्तोत्रसंहितेतला एक उतारा दोघांपैकी एकाने मोठ्याने वाचायचा. त्यात वाचनही झालं आणि प्रार्थनाही. पण धर्मासाठी आम्ही शाळा सोडवली, असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, याच मुलांना घेऊन आम्ही आमच्या तालुक्यातली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी बघायला गेलो. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी दगडात कोरलेले हत्ती मुलांनी हात लांब ठेवून, डोळे भरून पाहिले. मग घाट उतरून चाळीसगावजवळच्या पाटणदेवीला गेलो. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथला. गणिताला घाबरणाऱ्या मुलीला मी तिथे म्हटलं, "बघ, आपल्या डोंगराच्या पायथ्याशी गणिताची शाळा होती!"

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण मैत्रिणींनो, कागदांचं काय?

इथे मी खूप ठेचा खाल्ल्या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या शिक्षणाची हमी त्यात आहे, पण घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी सोय लिहिलेली नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी दारात आले, तेव्हा मी मुलांच्या वह्यांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवला. भला माणूस होता. चहा घेतला, वह्या चाळल्या आणि जाताना म्हणाला, "शिकवता चांगलं, पण दहावीचं प्रमाणपत्र कुठून आणणार?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

रस्ते दोन होते. मुलीने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता धरला. ही केंद्र सरकारची संस्था. दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच विषय आपण निवडायचे, आणि घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायाला २० टक्के गुण. दहावी मराठीतूनही देता येते. मुलीने २०२३ मध्ये दहावी आणि २०२५ च्या उन्हाळ्यात बारावी दिली. मुलाला मात्र गावातल्या मित्रांबरोबर, त्याच बोर्डाचा पेपर द्यायचा होता. त्याच्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरला. खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी देण्याचा हा जुना मार्ग. हा अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो आणि त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मी तो दाखला बायबलमध्ये जपून ठेवला होता म्हणून बरं. नाहीतर ऐन वेळी पळापळ झाली असती.

मुलगा फेब्रुवारीत पहिल्या पेपरला निघाला, तेव्हा हॉल तिकीट धरलेला त्याचा हात थरथरत होता. पाच वर्षांत तो तीन तास एका बाकावर बसला नव्हता! घरी शिकवताना मी पाठ्यपुस्तक संपवलं, पण घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय फार उशिरा लावली. ही माझी चूक. निकालात गणिताचे गुण जेमतेम आले. तो काही बोलला नाही, पण मला जे समजायचं ते समजलं.

मुलीची अडचण वेगळी. निकाल चांगला लागला, पण कॉलेजच्या खिडकीवर बाबू म्हणाला, "टीसी कुठाय? शेवटची शाळा कोणती?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. आता काय सांगावं, शेवटची शाळा आमचं स्वयंपाकघर? मग कळलं, की एनआयओएस निकालानंतर जे स्थलांतर प्रमाणपत्र देते, तेच टीसी म्हणूनही चालतं. ते पिशवीतच होतं, पण आम्हालाच माहीत नव्हतं. दोन फेऱ्या वाया गेल्या. म्हणून सांगते, घरी शिकवायचं असेल तर पुस्तकांच्या आधी कागदांची फाइल करा. जन्मदाखला, शाळेचा मूळ दाखला, आधार, फोटो, प्रत्येक पावती. मुलांच्या वह्यासुद्धा टाकू नका.

परदेशात असं शिकवणारी पुष्कळ कुटुंबं आहेत. अमेरिकेत तर ख्रिस्ती कुटुंबांमध्ये हा प्रकार चांगलाच रुजलाय आणि १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत त्याला कायद्याने वाट मिळाली. तिथे आईवडीलच एकत्र येऊन मुलांचा पदवीदानासारखा सोहळा करतात म्हणे. आपल्याकडे मुंबईच्या मालविका जोशीचं नाव २०१६ मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. आई सुप्रिया यांनी तिला सातवीनंतर शाळेतून काढून घरी शिकवलं. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या जोरावर ती दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली. ते वाचून मलाही हुरूप आला होता. पण आपलं लेकरू मालविका होईलच, असं धरून चालू नये. आमच्यासारख्या घरांना कागदाशिवाय दार उघडत नाही.

हे झालं कागदांचं. खरी परीक्षा माझी होती आणि ती पावसाळ्यात आली.

आमच्या मंडळीत मुलं जाणती झाली की दृढीकरण होतं. लहानपणी आईवडिलांच्या कडेवर बाप्तिस्मा झालेला असतो. दृढीकरणाच्या वेळी मूल स्वतःच्या तोंडाने सांगतं, की हा विश्वास माझा आहे. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि मग प्रभुभोजनात भाग घेता येतो. यंदा दोघांचं एकदमच करायचं आमच्या मनात होतं. मुलीचा पांढरा ड्रेस शिवायला टाकला. मुलाला शर्टाचं विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "आई, मी यंदा नको. मला अजून विचार करायचाय."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पाच वर्षं रोज सकाळी प्रार्थना, शास्त्रपाठ, आणि शेवटी हे? मंडळीतली माणसं काय म्हणतील? "घरी ठेवून शिकवलं आणि हे शिकवलं होय!" मी भाकरी थापता थापता रडले. दोन दिवस त्याच्याशी धड बोललेही नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, पंडिता रमाबाईंची गोष्ट तूच आम्हाला सांगितलीस ना?"

ती गोष्ट मी मुलांना किती वेळा सांगितली असेल! रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. रमाबाईंना शिकवलं ते आईने. पहाटे लेकीला हळूच उठवून, हातात पुस्तक नसताना तोंडी पाठ द्यायची. शाळेचं तोंड न पाहिलेली ही मुलगी दुष्काळात आईबाप गमावून भावाबरोबर पायी देश फिरली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची विद्या पाहून 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला. मी मुलांना नेहमी इथपर्यंतच सांगायचे, कारण घरच्या शाळेचा विजय इथे होता.

मुलीने पुढची गोष्ट काढली. "१८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही, धर्मगुरू सांगतात म्हणून त्यांनी सगळं मुकाट्यानं मानलं का? सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी पत्रांतून केवढा वाद घातला! स्वतःला पटेल तेच मानीन म्हणाल्या. मग त्यांचं कौतुक आणि आपल्या दादूवर राग, असं का?"

मी गप्प झाले. वाद घालणाऱ्या त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, शेकडो निराधार बायकामुलींना आसरा दिला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर केलं. प्रश्न विचारल्याने त्यांचा विश्वास गेला नाही. आणि त्यांनी स्वतःच्या एकुलत्या एका लेकीला, मनोरमेला पदराखाली धरून ठेवलं नाही. शिकायला सातासमुद्रापार पाठवलं. मनोरमा परत आली ती आईच्या कामात खांद्याला खांदा लावायला. १९२१ मध्ये ती गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या.

संध्याकाळी मी मुलाकडे गेले. तो अद्रकाच्या बेण्याचा हिशोब लिहीत होता. म्हटलं, "तुला वाटेल तेव्हा घे दृढीकरण. नाही वाटलं तर तसंही मला सांग. फक्त माझ्यापासून लपवू नकोस." त्याने वही मिटली आणि लहानपणीसारखं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. तेव्हा मला कळलं, की पाठांतर करून 'हो' म्हणणारा मुलगा मला नकोच होता. विचार करायला मीच शिकवलं होतं, तर त्याने विचार केल्यावर रडायचं कशाला?

मुलीचं दृढीकरण झालं. तिने मतदार यादीत नाव घालायला सहा नंबरचा अर्ज भरला, स्कूटी शिकून परवाना काढला आणि जुलैमध्ये ट्रंक घेऊन संभाजीनगरला वसतिगृहात गेली. एस.टी. सुटली तेव्हा यांनी चष्मा पुसला. माझं पाणी तर आधीच वाहत होतं. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला, "आई, इथे शंभर मुली एका वर्गात. प्रश्न विचारायला भीती वाटते गं." मी म्हटलं, "एक विचार. उद्या दुसरा विचार." घरात आम्ही तिला चारचौघांत उभं राहायची सवय कमी लावली, हेही मला त्या दिवशी समजलं. आता ती ठीक आहे. मैत्रिणी आहेत, भांडणंही आहेत.

तर मैत्रिणींनो, घरी शिकवावं की शाळेत, हे मी कुणाला सांगणार नाही. शाळा चांगली असेल आणि लेकरू तिथे फुलत असेल, तर घरी बसवू नका. लेकींना तर मुळीच नाही. आपल्या भागात 'घरीच शिकते' म्हणता म्हणता पोरीचं लग्न उरकून टाकलेलं मी बचत गटाच्या कामात पाहिलंय. घरची शाळा म्हणजे पोरीला घरात कोंडणं नव्हे. आणि शिकवायचंच असेल, तर पहिल्या दिवसापासून एक लक्षात ठेवा, की ही शाळा एक दिवस सुटायची आहे.

नाताळात मुलगी घरी आली. रात्रीच्या प्रार्थनेला शास्त्रपाठ कोण वाचणार म्हणून मी विचारलं, तर मुलाने बायबल स्वतःजवळ ओढलं आणि वाचायला लागला. मी काही बोलले नाही. फळा अजून भिंतीवर आहे. त्याच्यावर आता वाण्याची यादी लिहिते.