एका फेरीत चार ओळी

कोल्हापूरजवळच्या उचगावात एका शेतकऱ्याच्या रानात भुईमुगाची पेरणी आहे, असे समजा. पाऊस पडून गेला आहे. वाफसा आहे तोवर रान पेरून झाले पाहिजे. एकट्याने ते व्हायचे नाही. मग शेजारी आपापली बैलजोडी आणि कुरी घेऊन पैऱ्याने येतात, रानाचा एकेक तुकडा वाटून घेतात आणि दिवस मावळायच्या आत काम उरकते.

संगणकांचाही असाच पैरा असतो. फरक एवढाच, की येथे परतफेड मागायची नसते. १९९९ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 'सेटी ॲट होम' हा उपक्रम सुरू झाला. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा संदेश दडला आहे का, हे शोधायचे होते. लहरींच्या नोंदींचे लहान लहान तुकडे करून ते घरोघरीच्या संगणकांकडे पाठवले जात. मालक काम करीत नसेल त्या वेळी संगणक हिशेब करून उत्तर परत धाडी. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला. मार्च २०२० अखेर तुकडे वाटणे थांबले. २००५ साली सुरू झालेला 'आइनस्टाइन ॲट होम' हा उपक्रम याच रीतीने स्पंदक तारे आणि गुरुत्वीय लहरी शोधण्यासाठी आहे.

आता एक प्रश्न. पैऱ्याला आलेल्या कुऱ्या सारख्या नसतील तर? तीन फणांची कुरी एका फेरीत तीन ओळी पेरते, चार फणांची चार. संगणकाचा हिशेब करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्याचेही तसेच आहे. जुना प्रोसेसर एका आज्ञेत दोनच संख्यांचा गुणाकार करी. १९९९ साली आलेल्या 'पेंटियम ३' मध्ये एकाच आज्ञेत संख्यांच्या चार जोड्यांचे गुणाकार करण्याची सोय झाली. २०११ पासून आठ जोड्यांची सोय असलेले प्रोसेसर घरगुती संगणकांत आले. मोबाइल फोनमधील अनेक प्रोसेसरांतही चार जोड्यांची सोय असते.

पण केवळ सोय असून भागत नाही. चार फणांची कुरी जोडली आणि बी एकाच नळीतून सोडले, तर एकच ओळ पेरली जाईल. जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेली आज्ञावली नव्यावर चालवली, की नेमके हेच होते. उलट नवी आज्ञा जुन्या प्रोसेसरला दिली, तर त्याला ती कळतच नाही आणि काम बंद पडते. म्हणून चांगली आज्ञावली आधी प्रोसेसरला विचारते, "तुला कोणत्या आज्ञा येतात?" आणि मग त्याला साजेशी पद्धत निवडते.

बियाण्याचे पोतेही बांधावर हवे. मूठभर बियांसाठी दर वेळी घरी जावे लागले, तर बैल नुसते उभे राहतील! प्रोसेसरच्या आतच एक लहान, वेगवान साठवण असते. लागणाऱ्या संख्या तिच्यात मावतील अशा बेताने कामाची मांडणी केली, तर मुख्य स्मृतीकडे होणारे हेलपाटे वाचतात.

याने किती फरक पडावा? २००६ साली हंगेरीतील एका स्वयंसेवकाने 'आइनस्टाइन ॲट होम'च्या आज्ञावलीत अशा सुधारणा केल्या. काही संगणकांवर तिचा वेग कित्येक पटींनी वाढला. पुढची आज्ञावली तयार करताना त्या उपक्रमाच्या शास्त्रज्ञांनी त्यालाच मदतीला बोलावले. त्याच विजेत आता अधिक आकाश तपासता येऊ लागले.

मात्र वेगाच्या मागे एक धोका दबा धरून असतो. कागद-पेन्सिल घ्या. नियम असा, की प्रत्येक बेरजेनंतर उत्तराचे पहिले तीनच अंक ठेवायचे आणि पुढचा भाग जवळच्या अंकात मिळवायचा. आता १०० + ०.४ + ०.४ करा. डावीकडून सुरुवात केली, तर १०० + ०.४ = १००.४, म्हणजे १००; पुन्हा ०.४ मिळवले तरी १००च. पण आधी ०.४ + ०.४ = ०.८ केले, तर १०० + ०.८ = १००.८, म्हणजे १०१! संख्या त्याच, नियम तोच, फक्त क्रम बदलला. संगणकही ठराविक अंकच ठेवतो. चार-चार संख्या एकदम घेतल्या, की बेरजेचा क्रम बदलतो आणि दोन निर्दोष संगणकांची उत्तरे शेवटच्या अंकांत वेगळी येऊ शकतात.

म्हणून एकच तुकडा दोन संगणकांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहतात. किती फरक चालवून घ्यावा, हे ठरवणे मोठे नाजूक काम आहे. फार काटेकोर राहिले, तर खरी उत्तरे फुकट जातात. फार सैल सोडले, तर तापून बिघडलेल्या संगणकाचे चुकीचे उत्तरही खपून जाते. २०१० साली आरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक नवा स्पंदक सापडला. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या आणि जर्मनीतील माइन्झच्या अशा दोन संगणकांची उत्तरे तेथे जुळली होती. पुढे दुसऱ्या दुर्बिणीने त्याची खात्री करून घेण्यात आली.

या शास्त्राशी महाराष्ट्राचेही नाते आहे. टकरीच्या बेतात असलेल्या ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी ओळखण्यासाठी नोंदी कोणत्या नमुना-लहरींशी ताडून पाहाव्यात, याचा विचार डॉ. बी. एस. सत्यप्रकाश आणि डॉ. संजीव धुरंधर यांनी पुण्याच्या 'आयुका' संस्थेत १९९१ साली मांडला. नमुने जितके जास्त तितका हिशेब जास्त; म्हणून नमुने मोजकेच, पण पुरेसे हवेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या नोंदी येतील तेव्हा हिशेब करणारी माणसेही लागतील.

तोवर तुम्ही एक करा. वर्गात दोन गट पाडा आणि वरच्या तीन अंकांच्या नियमाने १००० मध्ये ४ ही संख्या दहा वेळा मिळवा. एका गटाने १००० पासून सुरुवात करावी, दुसऱ्याने आधी दहाही चारांची बेरीज करावी. उत्तरांत किती फरक पडतो, आणि कोणता गट सत्याच्या जवळ आहे, ते तुमच्या गुरुजींना सांगा.