विश्लेषण : ऑफिसचा दौरा, दोघांची सहल... जोडीदाराच्या तिकिटाचा कर कोणाच्या खिशातून?

कंपनीच्या कामासाठी शुक्रवारपर्यंत बाहेरगावी राहायचेच आहे, तर जोडीदारालाही बोलावून घ्यावे आणि शनिवार-रविवार तिथेच फिरून यावे, असा बेत आता अनेक घरांत ठरतो. एकाच्या जाण्यायेण्याचे भाडे कंपनी देत असल्याने छोटी सहल स्वस्तात पडते. मात्र जोडीदाराचे तिकीट, वाढवलेला मुक्काम आणि त्या दिवसांतील विमा यांचा हिशेब आधी केला नाही, तर पगारातून करकपात होऊ शकते किंवा चुकीच्या बिलाचा ठपकाही बसू शकतो.

या सहलींना ‘ब्लीजर’ का म्हणतात?

‘बिझनेस’ आणि ‘लीजर’ म्हणजे फुरसत, या दोन शब्दांच्या जोडीतून हा शब्द तयार झाला. दोघेही नोकरी करत असतील तर एकाच वेळी आठवडाभराची रजा मिळणे अवघड असते. त्यामुळे एकाच्या दौऱ्याला दुसऱ्याने येऊन मिळायचे आणि एखाद्या रजेत तीन दिवस साधायचे, हा मार्ग सोयीचा ठरतो. यात गैर काहीच नाही. अट एवढीच, की कामाचे दिवस कुठे संपले आणि स्वतःचे कुठे सुरू झाले, हे कागदावर स्पष्ट हवे.

खर्च कंपनीने केला तर कर लागतो का?

ही सीमारेषा आयकर नियम, १९६२ मधील नियम ३(७) ने आखून दिली. कर्मचाऱ्याचा कार्यालयीन प्रवास करपात्र नाही. पण दौऱ्यावर सोबत आलेल्या कुटुंबीयाचा खर्च कंपनीने उचलला, तर तो पगाराव्यतिरिक्तचा करपात्र लाभ धरला जातो. दौरा संपल्यावर तिथेच सुट्टी घेतली, तर केवळ त्या वाढीव मुक्कामाचा खर्च करपात्र ठरतो; संपूर्ण दौरा नाही. कर्मचाऱ्याने ती रक्कम कंपनीला परत केली, तर तेवढा लाभ वजा होतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने, त्या तारखेनंतरच्या दौऱ्यासाठी तरतुदी लेखा विभागाकडून तपासून घ्याव्यात.

प्रत्यक्षात हिशेब कसा होतो?

समजा, पुण्यातील कर्मचाऱ्याला बुधवार ते शुक्रवार बंगळूरुमध्ये काम आहे. पत्नी शुक्रवारी तिथे पोहोचते, संध्याकाळी दोघे म्हैसूरला जातात आणि सोमवारी परततात. पत्नीच्या तिकिटाचे ८,००० आणि म्हैसूरमधील तीन रात्रींचे १२,००० असे २०,००० रुपये कंपनीने दिले, तर ही रक्कम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मिळवली जाईल. ३० टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर ६,००० रुपये कर आणि ४ टक्के उपकराचे २४० असे ६,२४० रुपये भरावे लागतील. कर्मचाऱ्याचे स्वतःचे जाण्यायेण्याचे भाडे यात येत नाही.

परतीचे विमान शुक्रवारऐवजी सोमवारी घेतल्यास भाडे वाढू शकते. अशा वेळी फरक स्वतः भरावा. तिकीट काढतानाच दोन्ही दिवसांच्या भाड्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, तर नंतर प्रश्न उरत नाही.

हॉटेलचे बिल वेगळे का घ्यावे?

कामाच्या शहरात एकाच्या आणि दोघांच्या खोलीचे भाडे सारखे असेल, तर सहसा अडचण येत नाही. जोडीदाराचा नाश्ता, जेवण किंवा जादा माणसाचा आकार मात्र वेगळ्या बिलावर घेऊन स्वतः भरावा. खासगी मुक्कामाच्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घालू नये. वैयक्तिक वापराच्या सेवांवरील कराची वजावट कंपनीला मिळत नाही आणि असे बिल तपासणीत सापडल्यास उत्तर कर्मचाऱ्यालाच द्यावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररात्री ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. स्वतःची खोली निवडताना हा उंबरठा लक्षात ठेवला, तर चांगली बचत होते.

विमा आणि व्हिसाचे काय?

कंपनीचा प्रवास विमा अनेकदा दौऱ्याच्या तारखांपुरताच असतो आणि जोडीदार त्यात नसतो. त्यामुळे वाढीव दिवसांसाठी दोघांचा वेगळा विमा घ्यावा. परदेशी दौऱ्यात व्हिसाचा हेतू महत्त्वाचा. ब्रिटनच्या ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसावर बैठका आणि पर्यटन दोन्ही चालते. शेंगेन देशांसाठी मात्र प्रवासाचा मुख्य हेतू सांगावा लागतो आणि जोडीदाराला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अर्जातील तारखा, विमा आणि हॉटेलच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

सुट्टी खरोखर सुट्टी व्हावी म्हणून...

आधी काम, मग सहल हा क्रम ठेवावा. सहल आधी केली, तर पुढच्या बैठकीची तयारी फिरतानाही डोक्यात राहते आणि सोबतची व्यक्ती हॉटेलात वाट पाहत बसते. बेत आखताना ठिकाणाची माहितीही हवी. म्हैसूरचा राजवाडा रविवारी संध्याकाळी दिव्यांनी उजळतो, तर तिथले प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते. म्हणून सोमवारची एक रजा उपयोगी पडते. परतीचे विमान मात्र सकाळचे घेऊ नये. म्हैसूर बंगळूरुच्या नैर्ऋत्येला आणि विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीजवळ असल्याने वाटेत शहराची वाहतूक लागते. कर्नाटक परिवहनची ‘फ्लायबस’ म्हैसूरहून थेट विमानतळावर जाते, पण तिलाही पुरेसा वेळ द्यावाच लागतो.

निघण्यापूर्वी काय करावे?

तिकीट काढण्याआधी वरिष्ठ आणि मनुष्यबळ विभागाला एक ईमेल पाठवावा. त्यात कामाच्या तारखा, रजेच्या तारखा, सोबत कोण येणार आणि कोणता खर्च स्वतः करणार, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. होकार लेखी मिळाला की तो बिलांसोबत जपून ठेवावा. रजा मंजूर असेल, तर त्या दिवसांत लॅपटॉप न उघडण्याचा हक्कही त्याच ईमेलने मिळतो.