कर्करोगाचे डॉक्टर व्हायचे, तर पायऱ्या आधी मोजा

गेल्या रविवारी मिस्सानंतर एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी यंदा दहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिची आजी कर्करोगाने वारली. अखेरच्या दिवसांत आजीची शुश्रूषा या मुलीनेच केली, आणि तेव्हापासून कर्करोगाचे डॉक्टर व्हायचे असा तिने निश्चय केला आहे. "फादर, पोरीचं मन मोडवत नाही," वडील म्हणाले, "पण बारा वर्षं शिकवावं लागतं म्हणे. ओढ्याकाठचं शेत विकू का?" मुलगी मान खाली घालून उभी होती.

आम्ही त्यांना बसविले आणि कागद-पेन्सिल घेतली. तेव्हा मांडलेला हिशेब सर्वच आईबापांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की बारावीनंतर थेट कर्करोगतज्ज्ञ होता येत नाही. आधी डॉक्टर व्हावे लागते आणि मगच त्या रोगाचा विशेष अभ्यास करता येतो.

पहिली पायरी अकरावी-बारावीची. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन 'नीट' ही देशभरची प्रवेशपरीक्षा द्यावयाची. तिच्या ७२० गुणांपैकी निम्मे, म्हणजे ३६०, एकट्या जीवशास्त्राला असतात. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयाची मात्र अट नाही. सीमाभागातील पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या परीक्षेची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. शिवाय पुढील शिक्षण इंग्रजीतूनच चालते. तेव्हा इंग्रजीची भीती आजच घालवावी.

दुसरी पायरी एम. बी. बी. एस.ची. साडेचार वर्षे अभ्यास व एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी, मिळून साडेपाच वर्षे. आपल्या बाजूस बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गोव्यात बांबोळीचे महाविद्यालय आहे. त्याची परंपरा १८४२ सालापासूनची. बंगळूरचे सेंट जॉन्स महाविद्यालय भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने १९६३ साली स्थापन केले. तेथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांनी ग्रामीण भागात सेवा करावी, असा त्या संस्थेचा दंडक आहे.

तिसऱ्या पायरीवर वाटा फुटतात. किरणोपचार शिकणाऱ्यास एम. डी.ची तीन वर्षे पुरतात. औषधोपचाराचा तज्ज्ञ होण्यासाठी बहुधा सामान्य वैद्यकाची एम. डी. तीन वर्षे करून मग डी. एम. तीन वर्षे करावी लागते. शस्त्रक्रियेकडे ओढा असेल, तर एम. एस. तीन वर्षे व एम. सीएच. तीन वर्षे. प्रत्येक वळणावर नवी प्रवेशपरीक्षा असते. या उच्च शिक्षणाचे एक मोठे केंद्र म्हणजे मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय.

बेरीज केली, तेव्हा किरणोपचारासाठी बारावीनंतर साडेआठ वर्षे आणि इतर दोन वाटांनी साडेअकरा वर्षे झाली. वडिलांचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही कागदावर मध्येच एक रेघ ओढली. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली, तर मुख्य भार घरावर पडतो तो पहिल्या साडेचार वर्षांचा. उमेदवारीच्या वर्षापासून विद्यावेतन मिळू लागते. एम. डी. वा एम. एस. करणारा निवासी डॉक्टर रुग्णांवर उपचार करीतच शिकतो, आणि त्यालाही विद्यावेतन असते. बारा वर्षे मुलीला पोसावे लागेल, ही समजूत खरी नव्हे. मात्र खाजगी महाविद्यालयांचे शुल्क फार मोठे असते. तेथे शब्द देण्यापूर्वी संपूर्ण खर्च लेखी मागून घ्यावा.

"आणि पहिल्या खेपेस जागा मिळाली नाही तर?" मुलीने प्रथमच तोंड उघडले.

प्रश्न रास्त होता. पुन्हा परीक्षा देता येते. तथापि वर्षामागून वर्षे त्यातच घालवू नयेत, कारण कर्करोग्याच्या सेवेत डॉक्टर एकटा नसतो. परिचारिका होण्यासाठी बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. किरणोपचाराची यंत्रे चालविणाऱ्या तंत्रज्ञांचे शिक्षणही निराळे मिळते. आजीच्या उशाशी तू जे केलेस, त्याला यांपैकी प्रत्येक ठिकाणी मोल आहे, असे आम्ही तिला सांगितले.

आईबापांना आमची विनंती एवढीच, की मुलांची इच्छा लांबच्या वाटेला भिऊन मोडू नका, आणि पहिली पायरी चढण्यापूर्वी शेतही विकू नका. मुलीचे लग्न आधी की शिक्षण, हा वादही आज उकरून काढू नये. शिक्षणाची ही वर्षे हुकली, तर ती परत मिळणे कठीण.

त्या गृहस्थांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. ओढ्याकाठी यंदाही भातच पेरणार, असे ते जाताना म्हणाले. मुलीने मात्र अकरावीची जीवशास्त्राची पुस्तके कोठे मिळतील, ते विचारून घेतले.